राज्याचे गुपित आणि वेशीबाहेरचा वाचक

राज्यसंस्थेला काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हे म्हणणे नवे नाही आणि सर्वस्वी खोटेही नाही. सैन्य उद्या कोणत्या वाटेने जाणार हे दवंडी पिटून सांगता येत नाही. शेजारचे राष्ट्र वैराने वागत असेल तर त्याच्या घरात काय शिजते आहे याचा वास घेणे हे राज्यकर्त्यांचे कामच मानले जाते. हेरगिरी, फितुरी, छुपी शस्त्रमदत, सरहद्दीपलीकडच्या असंतोषाला फुंकर घालणे या गोष्टी कौटिल्यापासून राजनीतीच्या पोटात आहेत. तेव्हा सरकारने काहीच लपवू नये अशी भाबडी मागणी करण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच नाही.

प्रश्न वेगळा आहे. गुपित कोणापासून ठेवले जाते? ज्या शत्रूच्या नावाने कागदावर 'गोपनीय' असा शिक्का बसतो, तो शत्रू बहुधा सारे जाणून असतो. जे जाणत नाहीत, किंवा जाणत असूनही ज्यांच्या जाणण्याला कागदाचा आधार मिळू दिला जात नाही, ते आपल्याच देशातले लोक असतात. म्हणून गुपिताचा विचार करताना शिक्का कोणी मारला एवढे पाहून भागत नाही. शिक्क्याच्या बाहेर कोण राहिले तेही पाहावे लागते. आणि बाहेर राहण्याचा अनुभव या देशात पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आला, हे या पानांच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

गावगाड्याने महाराकडे सोपवलेली कामे आठवावीत. वेशीचा पहारा, गावात आलेल्या परक्यावर नजर, चोराचा माग, शिवेचा तंटा पडला तर हद्द दाखवणे, वसुलाची थैली ठाण्यापर्यंत पोचवणे, सरकारी टपाल पुढच्या गावाच्या वेशीवर देणे, आणि मर्तिकाचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री रानावनातून जाणे. आजच्या भाषेत बोलायचे तर राज्याच्या गुप्तवार्ता आणि दळणवळण या दोन्ही खात्यांची ही शेवटची पायरी होती. खलिता महाराच्या हाती होता. पण खलित्यातला मजकूर त्याला कळू नये यासाठी राज्याला वेगळी तजवीज करावी लागली नाही, कारण त्याला अक्षरच दिलेले नव्हते. निरक्षरता हाच लाखेचा शिक्का होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या वेठीच्या विरुद्ध होते. ज्याच्या पायांवर राज्य चालते त्याला राज्यात काय चालले आहे हे विचारण्याचा अधिकार नसणे, हा वतनाचा गाभा होता. राज्याच्या शब्दावर शंका घेणे ही आपल्याकडे परदेशी पुस्तकांतून आलेली फॅशन नाही. ओझे वाहून झाल्यावर 'आत काय होते?' असे विचारणाऱ्या माणसाची ती पहिली जाणीव आहे.

हा प्रश्न हवेत ठेवण्याची गरज नाही. तो ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी आपल्या पायाखालची आहे. सिरसाळा हे बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातले गाव. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. बीड जिल्ह्याच्या पश्चिम शिवेला लागून असलेला त्या वेळचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, मुंबई प्रांतात होता. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही जिल्ह्याची शीव हीच जणू दोन राष्ट्रांची सीमा झाली. शिवेच्या दोन्ही बाजूंना बोली एक, सोयरीक एक, जात एक आणि जातीचा काचही एक. तरीही इकडचे सरकार स्वतःला स्वतंत्र राष्ट्र म्हणवत होते आणि तिकडचे सरकार त्याला आपल्या घरातला तंटा म्हणत होते. मराठी माणसाच्या मुलखात राज्याविरुद्ध राज्याच्या छुप्या कारवाया कशा चालतात हे पाहायचे असेल तर यापरते जवळचे उदाहरण नाही.

त्या काळात दोन्ही बाजूंनी गुप्त कारवाया झाल्या. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी 'जैसे थे' करार झाला. कागदावर एक वर्षाची शांतता आली. पण सरहद्दीवर दुसरेच चालले होते. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात असताना स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने संस्थानाच्या कडेकडेने छावण्या उभ्या केल्या. उमरखेडची छावणी त्यांपैकी प्रसिद्ध. तिथून सशस्त्र तरुण आत शिरत, करोडगिरीची नाकी जाळत, ठाण्यांवर हल्ले करत. १९४८ च्या आरंभी उमरीची बँक लुटली गेली. शेजारच्या प्रांतांतील अधिकारी या हालचालींकडे काणाडोळा करीत, हे पुढे झाकून राहिले नाही. दुसऱ्या बाजूला निजामाच्या सरकारने सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला हाताशी धरले. त्याची विमाने कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रे घेऊन बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत. मूळचा लातूरचा वकील असलेला कासीम रझवी रझाकारांच्या टोळ्या गावागावांवर सोडत होता. त्या टोळ्यांनी केलेली लूट, जाळपोळ आणि खून मराठवाडा विसरलेला नाही, आणि त्याने विसरूही नयेत.

मग १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. सैन्याच्या दप्तरात या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन पोलो' होते. जनतेला मात्र तिचे नाव 'पोलीस ॲक्शन' असे सांगण्यात आले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली रणगाड्यांसह आलेल्या फौजेला पोलीस का म्हणायचे? कारण हैदराबादने ऑगस्टमध्येच राष्ट्रसंघाकडे तक्रार नेली होती आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद तो विषय ऐकणार होती. युद्ध म्हटले की दोन राष्ट्रे आली. पोलीस म्हटले की घरातला बंदोबस्त झाला. परराष्ट्रांच्या कानांसाठी घडवलेला हा शब्द मराठवाड्याच्या खेड्यांत मात्र जसाच्या तसा रुजला. इथली म्हातारी माणसे वय सांगताना सनावळी सांगत नसत. 'रझाकारीच्या साली एवढा होतो' म्हणून हाताने उंची दाखवत, आणि 'ॲक्शन झाली तवा' म्हणून पुढची गोष्ट सुरू करत. राज्याने झाकण म्हणून वापरलेला शब्द लोकांनी काळ मोजण्यासाठी वापरला. भाषेच्या अभ्यासकाने याची नोंद घ्यावी.

या काळावर मराठीत बरेच वाङ्मय झाले आहे. आठवणी, चरित्रे, गौरवग्रंथ, आणि अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) यासारखा मोठा ग्रंथ. या लढ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सरंजामशाही आणि धर्मांध हुकूमशाही यांच्याविरुद्ध ती उभी राहिलेली जनता होती. परंतु समीक्षकाने या वाङ्मयाच्या सर्वसाधारण साच्याकडे बोट दाखवले पाहिजे. १९४८ च्या सुरुवातीला जे अत्यंत गुप्त होते, म्हणजे छावण्या, शस्त्रे, बँकेची लूट, नाक्यांची होळी, ते सारे पुढे गौरवाचा विषय झाले. त्यांचे नकाशे छापले गेले, सत्कार झाले, सन्मानपत्रे आणि निवृत्तिवेतने मिळाली. म्हणजे गुपित उघड केल्याने राष्ट्र धोक्यात आले नाही. उलट त्या उघड होण्यातून प्रतिष्ठा मिळाली. आणि कथानक १७ सप्टेंबरला येऊन थांबते. त्या दिवशी तिरंगा चढतो, टाळ्या पडतात आणि पडदा पडतो.

पण इतिहास १७ सप्टेंबरला थांबला नव्हता. पडदा पडल्यावर रंगमंचामागे जे घडले त्याची चौकशी करण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनीच एक शिष्टमंडळ पाठवले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ही माणसे संस्थानात हिंडली. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले, प्रत्यक्ष न पाहिलेल्या शंभरावर गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांच्या हकिगती ऐकल्या. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर निदान सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे मारली गेली, आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली. त्यांच्या खालोखाल औरंगाबाद, नलगोंडा, मेदक आणि बीड. या दुसऱ्या चौघांत मिळून निदान पाच हजार. प्रेतांनी भरलेल्या विहिरींचे वर्णन त्या अहवालात आहे. सैन्य आणि पोलीस यांच्यातल्या काहींनी लुटीत आणि हत्येत भाग घेतल्याचा आरोप आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा उल्लेखही त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही बाजूच्या प्रचारकाला सोयीची नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीव धोक्यात घातला, काहींनी तो गमावलाही.

सरदार पटेलांना हा दौरा आणि त्याचे निष्कर्ष मान्य नव्हते. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. त्याचे काही अंश अभ्यासकांच्या हाती आधी लागले, पण संपूर्ण मजकूर सर्वसामान्य वाचकासमोर आला तो २०१३ साली, ए. जी. नूरानी यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या परिशिष्टात. मध्ये पासष्ट वर्षे गेली. इंग्रजी न जाणणाऱ्या मराठवाड्यातल्या वाचकाच्या दृष्टीने ती वर्षे अजूनही संपलेली नाहीत.

आता मूळ प्रश्न पुन्हा विचारू. हा अहवाल कोणापासून लपवला गेला? पाकिस्तानपासून? निर्वासितांच्या तोंडून तिथे बातमी पोचलीच होती. सुरक्षा परिषदेपासून? तिथे हैदराबादचा विषय पुढे थंडच पडला. ज्यांनी मारले त्यांच्यापासून? ते तर जाणतच होते. ज्यांची माणसे विहिरीत गेली त्यांच्यापासून? त्यांना शासनाने सांगण्याची गरजच नव्हती. म्हणजे गाव जाणत होते आणि शत्रूही जाणत होता. लपवायचे होते ते फक्त पुढच्या पिढीपासून, पाठ्यपुस्तकापासून, आणि ज्याला न्याय म्हणतात त्या गोष्टीपासून.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहावी. २० सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे शरणागतीनंतर तिसऱ्या दिवशी, निजामाच्या लंडनमधल्या खात्यातून सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे गेले. ती रक्कम कोणाची, हा तंटा इंग्लंडच्या न्यायालयात सात दशके रेंगाळला आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने लागला. व्याजाने रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. त्या खटल्यात पाकिस्ताननेच असा मुद्दा मांडला की ते पैसे शस्त्रपुरवठ्याच्या मोबदल्यात होते. कॉटनच्या रात्रीच्या विमानांची हकिगत अशा रीतीने भर न्यायालयात चर्चेला आली. पैशाचा प्रश्न आला तेव्हा राष्ट्रांनी एकमेकांची आणि स्वतःचीही गुपिते न्यायाधीशासमोर उलगडली. विहिरीतल्या माणसांसाठी असे कोणतेही न्यायालय बसले नाही. त्यांचे व्याज कोणी मोजले नाही.

यावरून गुपिताचा खरा निकष हाती लागतो. कीर्ती मिळणार असेल तर गुपित फुटते. पैसा मिळणार असेल तरी फुटते. ज्यातून प्रस्थापितांच्या पदरी फक्त लाज पडते, तेवढेच शिल्लक राहते. 'राष्ट्रहित' हा शब्द अशा वेळी 'धर्म' या शब्दासारखा वापरला जातो. एकदा उच्चारला की पुढचा प्रश्न पाप ठरतो.

दलित वाचकाचा या कथेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. निजामी राजवटीत अस्पृश्यांच्या नेतृत्वात सरळ फूट होती. बी. एस. वेंकटराव हे लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते. बी. श्यामसुंदर हे हैदराबादच्या शिष्टमंडळाबरोबर राष्ट्रसंघापर्यंत गेले. उलट शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जे. एच. सुबय्या बाबासाहेबांच्या मार्गाने चालत होते. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ च्या पत्रकात अस्पृश्यांना स्पष्ट बजावले की निजामाची आणि इत्तेहादची बाजू घेऊ नका. म्हणजे गावच्या महारवाड्यावर दोन्हीकडून संशयाची नजर होती. रझाकाराला तो काँग्रेसचा हेर वाटू शकत होता आणि पाटलाला निजामाचा. त्या सप्टेंबरात मर्तिकाचे सांगावे कोणी नेले? की सांगावा नेण्यासारखे मर्तिकच कोणी मानले नाही? विहिरीत प्रेते टाकायला कोणाचे हात लावले आणि पाणी वापरात आणण्यासाठी ती बाहेर काढायला कोणाचे? वेशीचा पहारा ज्याच्याकडे होता त्याने त्या रात्री काय पाहिले? मुक्तिसंग्रामाच्या ग्रंथांत या प्रश्नांना ओळीचीही जागा नाही. आपल्याही साहित्यात ती पुरेशी नाही. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) पासून मराठवाड्यातल्या दलित आत्मकथनाने भूक, शाळा आणि अपमान यांचा हिशेब मांडला. परंतु १९४८ चे वर्ष महारवाड्यातून कसे दिसले, हे दालन जवळजवळ बंदच आहे. शिक्का सरकारने मारला हे खरे. पण आपल्या आज्ज्यांच्या तोंडावर तो सरकारने मारलेला नव्हता. त्यांना कोणी विचारलेच नाही.

संबंधाची दुसरी बाजू याहून महत्त्वाची. १९४८ साली बाबासाहेब केंद्रात कायदेमंत्री होते. तीन वर्षांनी त्यांनी राजीनामा दिला आणि १० ऑक्टोबर १९५१ रोजी संसदेत निवेदन करायला उभे राहिले. निवेदनाची प्रत आधी दाखवा असा आग्रह झाला तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हवाली केले. हिंदू कोड बिलासाठी ते निवेदन सर्वांच्या लक्षात आहे. त्यातला दुसरा आरोप मात्र फारसा कोणी सांगत नाही. संरक्षण, परराष्ट्र या साऱ्या बाबी मंत्रिमंडळाच्या निवडक समित्यांमध्ये ठरतात, त्या समित्या पडद्याआड काम करतात आणि इतर मंत्र्यांनी आधीच झालेल्या निर्णयांची नोंद तेवढी करायची, असे त्यांनी सांगितले. यांपैकी एकाही समितीत त्यांना घेतले नव्हते. साडेतीनशे कोटींच्या वार्षिक महसुलातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर खर्च होतात आणि हे आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. राज्यघटनेचा शिल्पकार मंत्रिमंडळात होता, जबाबदारीत सामील होता, पण ज्या खोलीत युद्धाचे आणि शांततेचे निर्णय होत तिच्या बाहेर होता. मंत्रिमंडळालाही वेस होती. आणि वेशीबाहेर कोण होता, हे सांगायला नको.

या निवेदनाकडे आपण केवळ वैयक्तिक तक्रार म्हणून पाहतो, ही आपल्या चळवळीची उणीव आहे. त्यात एक सिद्धांत आहे. ज्या निर्णयात आपला वाटा नाही त्याची जबाबदारी वाहणे म्हणजे लोकशाहीच्या नावाने चालणारे वतनच. संरक्षणाचा खर्च सर्वांच्या ताटातून जातो. तो कशासाठी, कोणाविरुद्ध, कोणत्या छुप्या मार्गाने, हे विचारणारा माणूस देशद्रोही नसतो. तो हिशेब मागणारा भागीदार असतो.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की रझाकारांनी जे केले त्याची ही प्रतिक्रिया होती, जुनी मढी कशाला उकरता? रझाकारांचे अत्याचार खरे होते, वर ते म्हटलेच आहे. परंतु ज्या विणकराचा रझवीशी काही संबंध नव्हता त्याच्या मुलाबाळांना त्या हिशेबात कसे धरणार? एका गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाला त्याच्या जन्माकडे पाहून देणे, हा तर जातिव्यवस्थेचा न्याय. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावोगावी आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हाही 'प्रतिक्रिया' हाच शब्द वापरला गेला. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंनी कोणाचे काय केले होते? ज्यांनी तो शब्द अंगावर झेलला त्यांनी तरी तो दुसऱ्याच्या अंगावर फेकू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारवर असा संशय घेत राहिले तर लोक कशावरच विश्वास ठेवणार नाहीत, अफवांना ऊत येईल. हे भय खोटे नाही. परंतु अफवेची आई संशय नसून गुपित आहे. हैदराबादच्या बळींचेच पाहा. इथे अधिकृत कागद दाबला गेला, म्हणून एकीकडे 'काही झालेच नाही' असे म्हणणारे निपजले आणि दुसरीकडे दोन लाखांचा आकडा फिरत राहिला. अहवाल त्याच वर्षी छापला असता तर दोघांच्याही तोंडाला कुलूप बसले असते.

शेजारी राष्ट्राविरुद्धच्या गुप्त कारवाईचे दुसरे उदाहरण हिमालयातले आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली. त्यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेच्या सीआयए आणि भारतीय गुप्तचर खात्याने मिळून १९६५ साली नंदादेवी शिखरावर एक यंत्र बसवण्याचा घाट घातला. ते प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारे होते. वादळामुळे ते वाटेतच सोडून गिर्यारोहक उतरले. दुसऱ्या वर्षी पाहतात तो यंत्र जागेवर नव्हते. ते आजतागायत सापडलेले नाही. देशाला हे कळले १९७८ च्या एप्रिलमध्ये, एका अमेरिकन मासिकाने छापल्यानंतर, जेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाईंना लोकसभेत कबूल करावे लागले. त्या मोहिमेत ओझे पाठीवर घेणारे शेर्पा होते. यंत्र उबदार लागे म्हणून थंडीत ते जवळ घेतले जाई, असे मोहिमेतल्या माणसांनीच पुढे सांगितले आहे. आत काय आहे हे त्या पाठींना कोणी समजावून सांगितले होते? खलिता बदलला, डोंगर बदलला. वाहणारा तोच राहिला.

आणि पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच डोंगराखालच्या ऋषिगंगेला महापूर आला, शेकडो माणसे वाहून गेली किंवा गाडली गेली. रैणी गावातल्या लोकांना पहिली शंका आली ती त्या हरवलेल्या यंत्राची. शास्त्रज्ञांनी नंतर दाखवून दिले की खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळल्याने तो पूर आला. शास्त्रज्ञांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. पण रैणीच्या माणसाला वेड्यात काढण्याचा अधिकार, तेरा वर्षे त्याच्या डोक्यावरचे सत्य दडवून ठेवणाऱ्या राज्याला नाही. त्याचे उत्तर चुकले असेल, पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

म्हणून संशयालाही शिस्त हवी. पुरावा मागणारा संशय आणि पुराव्याची पर्वा न करणारा संशय यांत विज्ञान आणि भगत-भानामती यांच्याइतके अंतर आहे. पहिला बुद्धाच्या मार्गाचा आहे: कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. दुसरा आपल्याला पुन्हा कोणाच्या तरी पायावर नेऊन घालतो. सरकार खोटे बोलते म्हणून सरकारविरुद्ध बोलणारा प्रत्येकजण खरे बोलतो असे होत नाही. रझाकारांच्या नावाने पसरवलेल्या कंड्यांनी किती गावे पेटली असतील याचा विचार केला म्हणजे हे पटेल.

कायद्याचे काय? इंग्रजांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपिते कायदा स्वतंत्र भारताने तसाच पोटाशी धरला. २००५ साली माहितीचा अधिकार आला आणि त्याने आपण त्या जुन्या कायद्याच्या वर आहोत असे जाहीर केले. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावी, असेही त्यात आहे. परंतु देशाची सुरक्षितता आणि परराष्ट्रसंबंध यांचे कलम या वीस वर्षांच्या सवलतीतून वगळले आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या रॉसह गुप्तचर संस्थांना कायद्याबाहेर ठेवले आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग यांचे आरोप तेवढे अपवाद. या संस्थेसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. संसदेची समिती तिच्यावर देखरेख करीत नाही. १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. त्यातला मोठा भाग २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारामुळे जगाने वाचला. ज्या सैनिकाने बर्फात प्राण दिले त्याच्या गावाला मात्र अजून अधिकृत प्रत मिळत नाही. सैन्यात जाणारा हा सैनिक कोणत्या जातीचा, कोणत्या कोरडवाहू तालुक्याचा असतो, ते बीड जिल्ह्याने सांगावे.

आपली मागणी मोठी नाही. जे आज चालले आहे ते उद्या सांगा असे कोणी म्हणत नाही. पण प्रत्येक गुपिताला मुदत असली पाहिजे आणि ती मुदत ज्याने गुन्हा केला त्याने ठरवू नये. सुंदरलाल अहवाल शासनाने मराठीत छापावा, रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदींसह, एकाच बांधणीत. १७ सप्टेंबरला गावोगाव झेंडा चढतो, तेव्हा रझाकारीत मेलेल्यांची आणि ॲक्शननंतर मेलेल्यांची आठवण एकाच श्वासात व्हावी. आणि आपल्या लेखकांनी सरकारी कागदाची वाट पाहत बसू नये. सिरसाळ्यात, परळीत, गंगाखेडात, जिथे जिथे त्या सालची एखादी डोळस म्हातारी उरली असेल तिथे जाऊन बसावे आणि लिहून घ्यावे, महारवाड्यात आणि मोहल्ल्यातही.

वतन गेले, थैली गेली, वेसही बहुतेक गावांत पडली. अक्षर आता आपल्या हातात आहे. खलिता फोडून वाचण्यासाठी आता कोणाची परवानगी मागण्याचे कारण उरलेले नाही.